पितळी बदक आणि दाखवायची पेटी

परवा आमच्या जुन्या कारखान्याची एक पुस्तिका टपालाने घरी आली. कागद इतका गुळगुळीत की वाचताना चष्मा घसरावा. मालकांच्या नातवाने ती काढली आहे. तीत बोधचिन्हाच्या इतिहासाला एक अख्खं पान दिलंय. आमच्या पेट्यांवरचा पितळी हंस श्रोत्यांच्या बाजूला नसतो, वाजवणाऱ्याच्या बाजूला असतो. कारण कलावंताने सरस्वतीच्या वाहनाकडे बघत साधना करावी अशी संस्थापकांची दृष्टी होती, असं त्या पानावर लिहिलं आहे.

मी ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हंस? ते बदक ना हो?"

तेव्हा खरं काय ते एकदा लिहून टाकावं म्हणतो. त्या कारखान्यात मी जन्मभर पेटीचे सूर लावले. कारखान्याचं नाव लिहीत नाही. ज्यांच्या घरी ती पेटी आहे त्यांना बदकावरून कळेल, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांना नाव कळून तरी काय करायचंय?

संस्थापक म्हणजे आमचे तात्या. मूळचे कुडाळकडचे, सुतारकामात हात बसलेला. एका नाटक कंपनीबरोबर तिचा ऑर्गन सांभाळत गावोगाव हिंडायचे. बोलपट आले, कंपनीला उतरती कळा लागली आणि ती ठाण्याला येऊन कायमची बसली, म्हणून आमचा कारखाना ठाण्याचा. पुस्तिकेत ‘ठाण्याची सांस्कृतिक भूमी हेरून’ असं लिहिलंय. कंपनी आणखी चार स्टेशनं पुढे जाऊन बसली असती तर तिथली भूमीही सांस्कृतिकच निघाली असती. टेंभी नाक्याच्या मागे एक गाळा होता. पुढे दुकान, मागे कारखाना आणि मधे एक पडदा. देश स्वतंत्र झाला त्याच सुमारास मी तिथे लागलो.

ज्यांनी पेटी कधी उघडून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. भाता हलवला की आत हवा भरते. पट्टी दाबली की तिच्याखालचं भोक उघडतं आणि हवा एका पातळ पितळी जिभेला थरथरवत बाहेर पडते. त्या जिभेलाच आम्ही सूर म्हणतो. सूर उतरला असेल तर जिभेचं टोक किंचित खरवडायचं, चढला असेल तर बुडाशी खरवडायचं. बस, एवढंच काम. ते शिकायला वर्षं जातात, कारण एकदा खरवडलेलं पितळ परत चिकटवता येत नाही. लढाईआधी हे सूर जर्मनीहून यायचे. लढाईत ते बंद झाले, मग काठेवाडातले कारागीर करू लागले. आमची काही गिऱ्हाइकं तरीही ‘जर्मन आहेत ना?’ असं विचारायची, आणि तात्या उत्तर न देता नुसतं हसायचे. त्या हसण्यावर पुष्कळ पेट्या खपल्या.

आता बदक. जुन्या पेट्यांवर काहीतरी विलायती वाटेल असं चिन्ह लावायची पद्धत होती. मुकुट, ढाल, दोन पायांवर उभा राहिलेला सिंह. स्वराज्य आल्यावर तात्या म्हणाले, सिंह गेला, आता आपल्या पेटीवर सरस्वतीचा हंस हवा. काम दिलं कल्याणच्या एका कारागिराला. भांड्यांवर नावं घालण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. हंस मात्र त्याने पाहिलेला नव्हता. तसा तो तात्यांनीही पाहिला नव्हता आणि मीही. तात्यांनी एवढंच सांगितलं की पक्षी पांढरा हवा, पाण्यावर बसलेला आणि लांब मानेचा. कारागिराने कल्याणच्याच काळ्या तलावावर जाऊन पाण्यावर बसलेला पांढरा पक्षी नीट बघून घेतला. मान लांब काढायची तर पत्रा पुरेना, कारण पत्रे आधीच आडवे लांबट गोल कापून झाले होते. मग त्याने मान पत्र्यात मावेल एवढी ठेवली आणि सगळा ढीग एकदम तयार करून आणून दिला.

तात्या एरवी आमच्याशी शुद्ध बोलायचे, पण संतापले की गाव बाहेर पडायचं. "ह्यो हंस? अरे, ह्येका बदक म्हणतत!"

"तात्या, तुमी पेटी इकता का पाखरू?" कारागीर थंडपणे म्हणाला. "पान्यावर बसलाय, पांढरा हाय. मान काय, वाजवताना कोन मोजतंय?"

एवढं पितळ फुकट घालवणं तात्यांच्या जिवावर आलं. "लावून टाका," ते म्हणाले. "लोक गाणाऱ्याकडे बघतात, पेटीकडे कोण बघतो?" लोकांनी नेमकं पेटीकडेच बघितलं. पुढच्या नवरात्रापर्यंत नाक्यावरची भजनी मंडळं ‘बदकाची पेटी’ मागायला लागली होती. तात्यांना ते शब्द ऐकले की दात दुखल्यासारखं व्हायचं, पण बिल करताना ते दुखणं थांबायचं.

त्या काळी रेडिओवर पेटीला मज्जाव होता. शास्त्रीय मंडळी तिला वाद्य मानायला तयार नव्हती. पण रेडिओवर जिला बसू देत नव्हते त्या पेटीवाचून डोंबिवलीत लग्न जमत नव्हतं. डोंबिवली तेव्हा नुकती भरू लागली होती. मुंबईत कचेरीत नोकरी, इथे दोन खोल्या आणि घरात लग्नाच्या मुली. मुलगी बघायला आलेल्यांनी पोहे खाल्ले की प्रश्न ठरलेला, ‘गाणं येतं का?’ गाणं येत असेल तर पेटी हवी, आणि पेटी असेल तर ती घरचीच हवी, कारण पेटी असलेलं घर म्हणजे चांगलं घर. ज्यांच्याकडे नव्हती त्यांना आम्ही एका दिवसापुरती भाड्याने द्यायचो. दुकानात तिला ‘दाखवायची पेटी’ म्हणत. तिच्या मधल्या थोड्या पट्ट्या झिजून पिवळ्या पडल्या होत्या आणि कडेच्या अगदी कोऱ्या होत्या. सगळ्या मुली तीच दोन गाणी म्हणायच्या, तर तिचा तरी काय दोष.

पेटी एकटी जाणार नाही, असा तात्यांचा नियम होता. एका घरी भात्यावर चहाचा ट्रे ठेवल्याचं त्यांनी ऐकलं होतं. म्हणून पेटीबरोबर मी जायचो. सुरुवातीची पट्टी चुकू नये म्हणून तिच्यावर कुंकवाचा बारीक ठिपका लावून द्यायचो आणि आत बसून राहायचो. पण अशा दिवशी घरात परका पुरुष बसला तर पाहुण्यांना काय सांगायचं? त्यावर तोडगा निघाला की मी मुलीचा मामा. कुणी सुचवलं आठवत नाही, पण सगळ्यांना ते पटलं. बघता बघता मी निम्म्या डोंबिवलीचा मामा झालो. पोहे मात्र सगळीकडे छान मिळायचे.

लेले दुकानात आले ते असेच. त्यांची थोरली मुलगी कुसुम, पाठीवर दोन बहिणी. बऱ्याच ठिकाणांहून नकार आलेला. "जरा चांगली पेटी द्या हो," ते म्हणाले. "ह्या वेळी जमायलाच हवं. कल्याणचे ओक आहेत, स्थळ फार चांगलं आहे."

मी सकाळीच त्यांच्याकडे पोचलो. कुसुमला पेटी दाखवली, ठिपका दाखवला. तिने तो बोटाने पुसून टाकला, आपली पट्टी घेतली आणि गायला लागली. मी दिवसभर सूर ऐकणारा माणूस. कोणाचं गाणं सहसा कानात शिरत नाही. हिचं शिरलं. शाळेतल्या बाईंनी शिकवलं त्यापुढे ती शेजारच्यांच्या रेडिओवर शिकली होती. भिंतीला कान लावून, असं तिनेच सांगितलं.

मग तिने विचारलं, "मामा, ते गेल्यावरही पेटी थोडा वेळ राहील का हो?"

"का गं?"

"आमच्याकडे पाहुणे आले तरच पेटी येते. म्हणून मला पाहुणे आलेले आवडतात. नकार दिला तरी चालतं."

हे ती हसत बोलली. लेले मागे उभे होते, ते हसले नाहीत. मुलीला पेटी घेऊन देणं त्यांना झेपण्यातलं नव्हतं, आणि तिला हवी होती ती तेवढी पेटीच.

संध्याकाळी ओक आले. मुलगा, त्याचे वडील आणि वडिलांची विधवा बहीण, लाल आलवणातल्या आत्याबाई. घरात त्यांचा शब्द चालत असावा, कारण खुर्ची आधी त्यांना मिळाली. लेल्यांनी उत्साहाच्या भरात सांगून टाकलं, "पेटी घरचीच आहे. हिच्या आजोबांनी हौसेने घेतलेली." मला दाराशी बोलावून म्हणाले, "आणि हे हिचे मामा."

आत्याबाईंनी पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पेटीकडे पाहिलं.

"हे बदक मी पाहिलंय," त्या म्हणाल्या. "गेल्या रविवारी. कोपरला, एका मुलीकडे गेलो होतो."

मी दारातून एक पाऊल मागे सरकलो.

"बदक तेच," आत्याबाई म्हणाल्या, "आणि मामाही हेच."

लेल्यांचा चेहरा पार उतरला. आतून कुसुमच्या आईचा हुंदका ऐकू आला. मुलगा आपल्या बुटांकडे बघत बसला. त्या क्षणी मला वाटलं, गेलं हे स्थळ, आणि ते आपल्यामुळे गेलं. कुसुम पेटीसमोर बसलेली होती. तिने भात्यावरचा हात काढला नाही.

"पेटी आमची नाही," ती म्हणाली. "दुकानातली आहे. हेही मामा नाहीत, दुकानातलेच आहेत. गाणं तेवढं माझं आहे. ऐकणार असाल तर म्हणते."

आत्याबाईंनी हाताने खूण केली आणि कुसुम गायली. ठरलेली दोन्ही गाणी सोडून भलतंच काहीतरी गायली. बाहेर जिन्यात शेजारी येऊन उभे राहिलेले मला दिसत होते. गाणं संपल्यावर ओक खाकरले आणि निघायची भाषा करू लागले. आत्याबाई उठल्याच नाहीत.

"बाप खोटं बोलला, मामा खोटा निघाला," त्या भावाला म्हणाल्या, "मुलगी तेवढी खरं बोलली. आपल्याला मुलगी न्यायचीय, बाप आणि मामा नाही." मग लेल्यांकडे वळून म्हणाल्या, "देण्याघेण्याचं मी बोलत नाही. पण गाणं तिचं आहे, तर पेटीही तिची असू दे. तेवढं करा."

लेल्यांनी ते केलं. कसं केलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. लग्नाच्या पेटीचे सूर मी स्वतः निवडले आणि तात्यांना न विचारता उरलेल्या जर्मन सुरांतले घातले.

पण बदकाची बातमी कल्याणपर्यंत पसरली. मुलींचे बाप दुकानात येऊन तक्रार करायला लागले की पेटी समोर ठेवली की पाहुणे आधी बदकाकडे बघतात आणि मग आमच्याकडे बघून हसतात. तात्यांनी दाखवायच्या पेट्यांवरची बदकं काढून आतल्या बाजूला, पट्ट्यांच्या वर बसवली. तिथे ती फक्त मुलीला दिसणार. पण प्रकरण तेवढ्यावर मिटलं नाही. ज्यांनी रीतसर पेटी विकत घेतली होती, त्यांच्या पेटीवर बदक पुढेच होतं, आणि आता बदक पुढे असलेली पेटी म्हणजे भाड्याची, असं लोकांच्या डोक्यात बसलं होतं. चांगली चांगली माणसं पेट्या घेऊन आली, "आमचंही आत घ्या हो." शेवटी तात्यांनी सगळ्याच पेट्यांवर बदक आत घ्यायला सांगितलं. बदक आत घेता आलं, मामा घेता आला नाही, म्हणून पेटीबरोबर जायचं माझं काम दुसऱ्याला दिलं. माझे पोहे गेले.

पुढे गावात तात्यांचा सत्कार झाला. एका वक्त्याने त्यांना विचारलं की हंस कलावंताकडे तोंड करून का? तात्या म्हणाले, "साधना करताना देवीचं वाहन समोर असावं, म्हणून." असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. दुसऱ्या सत्काराला डोळा मिचकावला नाही. तिसऱ्याला त्यांचा आवाज भरून आला. नातवापर्यंत पोचलं ते ह्या तिसऱ्या सत्काराचं.

लग्नात दिलेल्या पेट्यांचं काय होतं, हे मात्र कोणी आम्हाला विचारलं नाही. त्या परत येतात. मुलगी नांदायला गेली की घरात पेटीचं काम संपतं. वर्ष-दोन वर्षांनी नवरा किंवा सासरा ती दुकानात आणतो आणि म्हणतो, ‘नवीच आहे, हात लावलेला नाही.’ ते खरं असतं. पट्ट्या बघूनच कळतं. आम्ही त्या पुसून पुन्हा विकायचो, दुसऱ्या कोणाच्या तरी लग्नात द्यायला. धंद्याला हे सोयीचं होतं. मला त्याचं कधी विशेष काही वाटलं नव्हतं.

कुसुमची पेटी तशीच आली. तिचा नवरा घेऊन आला होता. सज्जन माणूस, आवाजही चढवायचा नाही. बरोबर कुसुम, कडेवर तान्ही मुलगी.

"पाळण्याला जागा हवीय," तो म्हणाला. "वडील म्हणतात, पेटीने जागा कशाला अडवून ठेवायची? नवीच आहे, हिने लग्नानंतर हात लावलेला नाही."

मी पेटी पडद्यामागे कारखान्यात नेली. तो पुढे पेपर वाचत बसला. कुसुम माझ्यामागून आत आली.

मी झाकण उघडलं. पट्ट्या झिजलेल्या होत्या. मधल्याच नाही, सगळ्या, अगदी कडेपर्यंत. भात्याच्या घड्या विरल्या होत्या. एवढी वापरलेली पेटी मी नाटकातल्या वादकाकडेही क्वचित पाहिली असेल. वरची जाळी उचलली तर तिच्याखाली, सुरांच्या वर, लाल कापड दाबून भरलेलं होतं. आलवणाचं.

"आत्याबाईंचं आहे," कुसुम हळू आवाजात म्हणाली. "त्यांनीच दिलं. मामंजी निवृत्त झाल्यापासून दुपारी घरीच झोपतात ना. त्यांना आवाज जायला नको."

"त्यांनी नको म्हटलंय का गाऊ?"

"नको कुणीच म्हटलं नाही. गा असंही म्हटलं नाही." तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मी आतल्या खोलीत वाजवते. आत्याबाई दाराशी जपमाळ घेऊन बसतात. कुणी उठलं की खोकतात."

जिला खरं बोलते म्हणून पसंत केलं, तिच्यावर ही पाळी होती. आणि जिने पसंत केली तीच दाराशी पहारा करत होती. मला वाईट वाटलं, राग आला, आणि तो कोणावर काढावा हे कळेना. नवरा तर बाहेर शांतपणे पेपर वाचत होता.

"मामा," कुसुम म्हणाली, "ही पेटी घेऊ नका."

मी बाहेर गेलो. खराब झालीय म्हणालो असतो तर तो म्हणाला असता, मग मोडीत काढा. हिला गाऊ द्या म्हणालो असतो तर त्याला कळलंच नसतं मी काय बोलतोय ते. म्हणून धंद्यातलं बोललो.

"विकू नका," मी म्हणालो. "मुलगी आहे ना तुम्हाला? उद्या तिला दाखवायची वेळ येईल. तेव्हा पेटी भाड्याने आणणार का?"

त्याचा चेहरा एकदम खुलला. "अरे, खरंच की! तो प्रसंग मी डोळ्यांनी बघितलाय," तो हसत म्हणाला. "वडिलांना पटेल हे. राहू दे मग. तेवढा भाता ठीक करून देता?"

मी परत पडद्यामागे गेलो. भात्याच्या विरलेल्या घड्यांवर कातड्याच्या पट्ट्या चिकटवल्या. कुसुम बाजूला उभी राहून बघत होती. मी कापड काढून बाजूला ठेवलं होतं; ते मी परत देऊ लागलो तेव्हा तिने एक टोक हातात धरलं.

"डाव्या कोपऱ्यातून आवाज जातो," ती म्हणाली. "तेवढं बघाल?"

पेटीचा आवाज मोकळा व्हावा, शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा, ह्यासाठी मी जन्मभर खपलो. ते कापड मी उलगडलं, नीट घडी घातली, कोपऱ्यात दुहेरी केलं आणि कुठे फट राहू नये असं बसवून वर जाळी लावली. मग भाता हलवून तिला म्हटलं, वाजवून बघ.

तिने एका हाताने मुलीला धरलं आणि दुसऱ्या हाताने थोडं वाजवलं. पडद्यापलीकडे पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला. आत आम्हा दोघांना सूर जेमतेम ऐकू येत होता.

"आता छान झालं," कुसुम म्हणाली.